खिडकीजवळची कातीण

ती आमच्याकडे आली ती कवेलू फेरायच्या दिवसांत.

माझं सासर नागभीडजवळच्या एका खेड्यात आहे. पावसाच्या आधी छपरावरची कवेलू उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, माकडांनी सरकवलेली पुन्हा रांगेत लावायची, हे तिथलं दर उन्हाळ्याचं काम. आम्ही दोघं कुरखेड्याला राहतो. हे तिथल्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतात आणि मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. कवेलू फेरायला मात्र दोघंही गावी जातो. त्या वर्षी हे छपरावर होते, मी खाली उभी राहून एकेक कवेलू हातात घेत होते, आणि एका पोकळ झालेल्या वाशातून काहीतरी माझ्या पायाजवळ पडलं. मला वाटलं, केसांचा गुंता. मग त्या गुंत्यानं पुढचे दोन पाय वर उचलले. पायांच्या आतल्या बाजूला हळदीसारखा पिवळा रंग होता.

"कांतीन व्हय! मारा तिले, मारा!" म्हणत सासूबाई खराटा घेऊन धावल्या.

हे शिडीवरून उतरले की सरळ उडी मारली, मला आठवत नाही. चुलीजवळ डाळीसाठी ठेवलेला पातेल्यासारखा गंज त्यांनी उचलला आणि त्या प्राण्यावर पालथा घातला.

"कोणी हात नका लावू," ते म्हणाले. ह्यांचा आवाज असा कधी मी ऐकला नव्हता. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मला बघतानाही नाही.

झाडाच्या ढोलीत राहणारी ही मोठी केसाळ कातीण. शहरातले शिकलेले लोक तिला टॅरंटुला म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की डाळ शिजणार नाही, आणि आम्ही वडशाहून कुरखेड्याच्या एसटीत बसू तेव्हा माझ्या मांडीवर प्लास्टिकचा डबा असेल. झाकणाला दाभणानं भोकं पाडलेला.

ह्यांना फोटोंचा नाद आधीपासून होता. ब्रह्मपुरीच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून त्यांनी जुना कॅमेरा घेतला होता. फुलपाखरं, बेडूक, पानावरचा चतुर, असलं काहीबाही टिपायचे. मी म्हणायची, असू दे, दारू नाही, पत्ते नाहीत. पण ते सगळं बाहेरचं होतं, बाहेरच राहायचं. ही घरात आली.

आमच्या आतल्या खोलीला एकच खिडकी आहे, उत्तरेकडची. तिच्याजवळ माझ्या माहेरून आलेलं आरशाचं टेबल होतं. सकाळी तिथं उभी राहून मी वेणी घालायची. एका रविवारी बाजारातून परत आले तर टेबल दाराच्या मागे लोटलेलं, आणि खिडकीजवळ स्टुलावर काचेची उभी पेटी. पेटीत सालीसकट लाकडाचा तुकडा, खाली ओलसर माती, एका बुचात पाणी.

"माझा आरसा?"

"उजेड पाहिजे ना तिले," हे म्हणाले. "म्हणजे तिले नाई, फोटोले. उत्तरेचा उजेड मऊ असते."

"अन् मले कोणता उजेड पाहिजे?"

ह्यांनी बल्बकडे बोट दाखवलं. ते काही चिडवत नव्हते, त्यांना ते खरंच पुरेसं वाटत होतं. दाराच्या मागे उभी राहून मी वेणी घालू लागले. कोणी दार उघडलं की माझा चेहरा आरशातून निघून जायचा.

आमच्या गल्लीत एक वनरक्षक राहतात. ह्यांनी त्यांना मुद्दाम विचारलं, अशी कातीण घरी ठेवलेली चालते का. ते हसले. "वाघाचं विचारा ना भाऊ, कांतीनचं काय विचारता! वाढू द्या, मग नेऊन सोडा जंगलात." तेवढ्यावर ह्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही. वाढू द्या म्हणजे किती, हे कोणी सांगितलं नव्हतं.

ह्यांचं दवाखान्यातलं बोलणं ठरलेलं असतं. श्वास घ्या, रोखा, हलू नका, झालं, सोडा. दिवसभर हे म्हणून म्हणून घरी येईपर्यंत त्यांचं बोलणं संपलेलं असायचं. जेवताना मी सांगायची, हे हुं म्हणायचे. आता घरी आले की हातपाय धुऊन सरळ खिडकीजवळ. आणि तिथून मला ऐकू यायचं, "हां, अशीच. हलू नको. थोडी इकडे... वा! वा रे वा!" मी शिवणयंत्र थांबवून ऐकायची. असा मऊ आवाज माझ्या वाट्याला आला होता तो मी तापानं फणफणले होते तेव्हा, एकदाच.

ती उजेडात फारशी बाहेर यायची नाही. दिवसा सालीच्या मागे बसून राहायची आणि दिवेलागणीला पुढे यायची. हे तिची वाट बघत तासन्‌तास बसत. बाजारात माझ्यासाठी पाच मिनिटं थांबायचं म्हटलं तरी मोटारसायकल चालू ठेवणारा माणूस! तिच्यासाठी शेताच्या धुऱ्यावरून नाकतोडे धरून आणायचे, पाय ओले, पँटला गवताची कुसळं. मला गजरा आणल्याचं मला आठवत नाही. शेवंतीच्या दिवसांत एकदा आणला होता म्हणतात, पण तो दुसऱ्या कोणाच्या लग्नातला होता.

एक पक्का नियम मात्र त्यांनी पाळला. तिला हातात कधी घेतलं नाही. पेटीत काही ठेवायचं-काढायचं तर लांब चिमट्यानं. "चावली तर मरत नाई माणूस, पण दुखते म्हणतात लय," असं ते मला सांगत. मी मनात म्हणायची, चावू दे एकदा.

गल्लीतली एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आली आणि दारातूनच हसत म्हणाली, "काय वो, तुमच्या घरी सवत आणली म्हणते?" मीही हसले. माप घेताना फितीवरचा आकडा मात्र मी दोनदा विसरले.

मखमलीची गोष्ट त्यानंतरची. गावातल्या एका शिक्षिकेनं मुलीच्या साक्षगंधासाठी काळी मखमल माझ्याकडे टाकली होती. बाहीवर जरीचं काम करायचं होतं. मी कापायला म्हणून घडी उघडली तर एका कोपऱ्यातून वहीच्या पानाएवढा चौकोन गायब. वेडावाकडा कापलेला, भाजी चिरायच्या सुरीनं कापावा तसा. मी आत गेले. काळी मखमल पेटीच्या मागे टाचण्यांनी लावलेली होती, आणि तिच्यापुढे ती बसलेली, पाठीवरची राखाडी-पांढरी नक्षी उठून दिसत होती. हे कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "पाह्य. काळ्यावर कशी दिसून राह्यली!"

"ते लोकांचं कापड आहे."

"थोडंसंच घेतलं."

"बाहीचं होतं ते! आता अर्धी बाही घालून बसंल का ती पोरगी?"

तेव्हा त्यांनी डोळा काढला. चेहरा उतरला. खरंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ते वडशाला जाऊन तशीच मखमल शोधून घेऊन आले. काळी होती, पण लव वेगळी होती. मी शिक्षिकेला काहीतरी सांगून दोन्ही बाह्या नव्या कापडाच्या केल्या. पण मला राग कापडाचा नव्हता. माझ्या भावाच्या लग्नात ह्यांनी माझा एक फोटो काढला आहे. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत आणि फोटोचा अर्धा भाग जनरेटरनं व्यापला आहे. माझ्यामागे काळी मखमल लावावी असं ह्यांना कधी सुचलं नाही.

मग त्या पुण्याच्या बाई आल्या. आधी फोनमध्ये आल्या. अशा कातिणी पाळणाऱ्या आणि त्यांचे फोटो काढणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात हे शिरले. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे. त्या बाईंच्या फ्लॅटमध्ये म्हणे एक अख्खी खोली काचेच्या पेट्यांनी भरलेली, परदेशी जाती, निळ्या पायांच्या, नारिंगी गुडघ्यांच्या. ह्यांनी फोटो टाकला की त्या बोलून संदेश पाठवायच्या. हे कानात घालून ऐकायचे आणि हसायचे. मी एकदा विचारलं, काय म्हणतात? "काई नाई, शटरचं सांगून राह्यल्या." शटरमध्ये हसण्यासारखं काय असतं ते मला माहीत नव्हतं.

हिवाळ्यात त्या ताडोबाला वाघ पाहायला आल्या आणि परतताना एक दिवस वाट वाकडी करून आमच्याकडे. मी ठरवलं होतं, की त्यांना आवडायचं नाही. पण त्या दारात चप्पल काढून आत आल्या, माझ्या यंत्राजवळ थांबल्या आणि लटकवलेल्या ब्लाऊजचा गळा पाहून म्हणाल्या, "हा पायपिंगचा गोल किती सुरेख आलाय हो ताई." नंतर झिंग्यांचा रस्सा दोनदा मागून घेतला. तांदळाची भाकर कशी थापायची विचारलं. अशा बाईचा राग धरणं किती अवघड असतं! मी तरी धरून ठेवला.

जेवणानंतर ती दोघं खिडकीजवळ बसली. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत ऐकत होते.

"ही तर राणी आहे हो," बाई म्हणाल्या. "एवढी सुंदर नक्षी मी माझ्याकडच्या एकीवरही पाहिली नाही."

"मादीच ना पण?" ह्यांनी विचारलं. "मले अजून पक्कं समजत नाई."

"शंभर टक्के मादी. हिची ठेवण बघा ना. नर लवकर मरतात, पण मादी म्हटल्यावर दहा-बारा वर्षं कुठे जात नाही ही."

माझ्या हातातला गंज मोरीत आपटला. दहा-बारा वर्षं! मी हिशेब करायला लागले, तेव्हा मी किती वर्षांची असेन, माझे केस किती उरले असतील आणि ते दाराच्या मागे विंचरत असेन का.

"कातीण कात टाकते तेव्हाचा फोटो मिळाला का?" बाई विचारत होत्या.

"कुठी भेटते! दोनदा टाकली. दोन्ही वेळा मी ड्युटीवर. आलो तर कात बाजूला पडून होती, चुरगळलेली."

"अहो, मलाही धड एक नाही मिळालेला. मिळाला तर मला पहिला पाठवा."

मग बाईंनी आपला कॅमेरा काढला. लेन्सच माझ्या तांब्याएवढी. थोड्या वेळानं त्यांनी ह्यांना मागचा पडदा दाखवला. मीही हात पुसत जाऊन पाहिलं. पायावरचा एकेक केस सुटा दिसत होता, टोकाला उजेडाचा कण. बाई गेल्यावर हे गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत दारात उभे राहिले आणि मग म्हणाले, "कॅमेऱ्याचं काम आहे ते. बाकी काई नाई."

हे जळत होते. मला इतकं बरं वाटलं, की त्या संध्याकाळी मी त्यांच्यासाठी चकोल्या, म्हणजे वरणफळं, केल्या. जेवताना मात्र ते बरं वाटणं टिकलं नाही. जळायचं म्हटलं तरी ते त्या बाईवर जळत होते. गल्लीतल्या साऱ्या बायका माझ्याकडे ब्लाऊज टाकतात, ह्यांनी माझी एकही शिलाई कधी उजेडात धरून पाहिली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात भामरागडच्या दवाखान्यातला एक्स-रेवाला आजारी पडला आणि ह्यांना आठवडाभरासाठी तिकडे पाठवलं. जाताना मला सूचना. बुचात पाणी, माती कोरडी नको, नाकतोडा दिला तर उरलेला काढायचा. मी कशी आहे हे कळवायची सूचना शेवटी होती. हे पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी नद्या चढल्या. पुलांवरून पाणी, रस्ता बंद, फोन कधी लागायचा कधी नाही. आठवडा उलटला तरी वाट मोकळी झाली नव्हती.

तोवर तिनं खाणं सोडलं होतं. नाकतोडा तिच्या पायावरून चालत गेला तरी ती हलेना. तिचं पोट काळवंडलेलं दिसायला लागलं. मला वाटलं, ह्यांची आठवण काढतेय की काय! आणि खरं सांगते, त्याही कल्पनेनं माझ्या पोटात दुखलं, कारण मी मात्र दोन वेळा व्यवस्थित जेवत होते.

एका दुपारी माती भिजवायला पेटीचं झाकण काढलं. तळाशी तिनं पांढऱ्या जाळ्याची चादर विणली होती आणि त्या चादरीवर ती उताणी पडलेली होती. पाय वर, अर्धवट दुमडलेले. मी काचेवर टिचकी मारली. काही नाही.

आधी मला हलकं वाटलं, मग लगेच भीती वाटली. हे येतील, रिकामी पेटी पाहतील, मला काही म्हणणार नाहीत. पण जन्मभर त्यांच्या मनात राहील, हिनंच मारली. मी भामरागडला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग दुसरं कोणाला काही कळणार होतं? ह्यांनी जाताना एक नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता, अडलंच तर म्हणून. तो मी तोंड कडू करून लावला.

"ताई, काय झालं?" पुण्याच्या बाईंनी विचारलं.

"ती मेली वाटते. उताणी पडली हाय."

"पाय आत वळलेत का? मुठीसारखे?"

"नाई. वरच आहेत, पसरून."

पलीकडून त्या जवळजवळ ओरडल्याच, "ताई, हात लावू नका! मेली नाही, कात टाकतेय ती! तुमच्याकडे कॅमेरा आहे का?"

"तो ह्यांनी नेला."

"मोबाईल? काहीही घ्या. पेटीला धक्का देऊ नका, फुंकरसुद्धा नको. आणि ताई, मला व्हिडिओ कॉल करता का?"

"आवाज कटून राह्यला," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज कटत नव्हता.

ह्यांची मोबाईलला चिमट्यासारखी लावायची एक भिंगाची टोपी होती, कॅमेरा घेतल्यापासून बटणांच्या डब्यात पडून होती. ती लावली. पुढचं दार आतून लावलं. कोणीतरी ब्लाऊज न्यायला आलं, कडी वाजवली, हाक मारली, मी ओ दिली नाही. खिडकीबाहेर पाऊस थांबलेला होता आणि ढगांतून तो मऊ उजेड येत होता, ज्याच्यासाठी माझा आरसा दाराच्या मागे गेला होता.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिच्या अंगावरचं कवच डब्याच्या झाकणासारखं एका बाजूनं उचललं गेलं. बाजूची कातडी चिरत गेली आणि आतून काहीतरी फिकं, ओलं, चमकदार पुढे सरकू लागलं. पाय एकेक करून जुन्या पायांतून निघत होते. घट्ट बाहीतून हात काढताना माणूस थांबतं, दम घेतं, पुन्हा ओढतं, तसं. मी इतक्या बायकांना घट्ट बाह्यांतून हात काढताना पाहिलं आहे, की माझाच खांदा अवघडला. "हळू," मी म्हणत होते. "हळू, घाई नको करू. श्वास घे." आणि फोटो घेताना स्वतःचाच श्वास रोखत होते, नाहीतर चित्र हलायचं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी एक पाय उरला. तो सुटेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग तोही सुटला, आणि ती जुन्या अंगाशेजारी पसरली, दमलेली. तिचे दात दुधासारखे पांढरे होते. मी त्यांचाही फोटो घेतला.

संध्याकाळी पुण्याहून संदेश. "ताई, मिळाला का?" मी तो पाहिला आणि उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "एकच पाठवा ना, प्लीज." मी लिहिलं, इकडं नेटवर्क नाही. रात्री अंथरुणात पडून मी ते फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते. कोणालाच दाखवू नयेत असं वाटत होतं. ह्यांनाही नाही.

हे आले ते चिखलात माखलेले, दाढी वाढलेले. चहा हातात दिला आणि मोबाईल पुढे केला. आणखी थांबायची शक्ती माझ्यात नव्हती. ते पहिल्या फोटोवर थांबले. दुसरा. तिसरा. चहावर साय धरली.

"हे तू काढले?"

"मग काय तिनं काढले?"

"मले काऊन नाई बोलावलं?"

"कुठी बोलावू? पुरात?"

त्यावर ते हसायला हवे होते. हसले नाहीत. "मी दोन पावसाळे वाट पाहून राह्यलो," ते हळूच म्हणाले. मग बोट आपटत म्हणाले, "इथी थोडं हललं आहे. अन् उजेड एका बाजूनं जास्त झाला." मी म्हटलं, हो का. मला सगळं समजलं होतं. जे मी इतके दिवस आरशाच्या टेबलाशी उभी राहून भोगत होते, ते आता त्यांच्या तोंडावर आलं होतं. मला त्यांची दया आली, पण फोटो पुसट झाले असं मी कबूल केलं नाही.

शेवटच्या फोटोवर ते एकदम वाकले. मोठा करून पाहिला. उठून पेटीजवळ गेले, बॅटरी लावून बराच वेळ आत पाहत राहिले. तोंडाजवळचे दोन छोटे पाय आता टोकाशी फुगीर दिसत होते, जणू कोणी मुठी बांधल्यात.

"नर आहे हा," ते म्हणाले.

"काय?"

"मादी नाई. नर. आता वयात आला."

सवत म्हणून जिच्यावर मी दोन पावसाळे जळले, तो पुरुष होता! मला हसू फुटलं ते थांबेना. पुण्याच्या बाईंचं ते शंभर टक्के आठवलं की आणखी हसू. हे आधी रागानं पाहत राहिले आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले. त्या महिन्यात आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेव्हाच.

त्यांनी तो फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "अखेर मिळाला." अभिनंदनाचा पाऊस. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

"कोणाले मिळाला?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवली नाही. अंगठ्यानं टाईप केलं, "फोटो माझ्या पत्नीने काढला आहे." लगेच पुण्याच्या बाईंचा फोन आला, ह्यांना नाही, मला. "ताई, नेटवर्क आलं वाटतं," त्या म्हणाल्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, "मीही नसता पाठवला हो पहिल्यांदा कोणाला." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलतात. हे शेजारी बसून विचारतात, काय म्हणतात? मी सांगते, काही नाही, शटरचं.

तो वयात आल्यापासून पेटीत ठरेना. पूर्वीसारखं सालीमागे बसणं नाही, खाणं नाही. दिवेलागण झाली की काचेवरून वर, खाली, पुन्हा वर. मादी शोधतोय, हे म्हणाले. असा नर फार दिवस राहत नाही, काही महिने, फार तर एखादा हंगाम. पेटीत फिरून मरण्यापेक्षा बाहेर मरू दे, असं मीच म्हटलं. मग धान कापायला गावी जायचं होतं तेव्हा डबा त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला.

सासूबाई दारातच म्हणाल्या, "घरात नको सोडजो बापा. मले रात्री उठा लागते." गावाबाहेर नाल्याच्या अंगाला जुने मोह आहेत, तिकडे गेलो. सूर्य कलत होता. ह्यांनी डबा खोडाला टेकवला. तो बाहेर आला आणि सालीवर चपटा बसला. साल कुठली आणि तो कुठला, कळेना. हे फोटो घेत राहिले, मग कॅमेरा माझ्याकडे दिला. मी दोनच घेतले. तो एका फटीत पाय आखडत शिरला आणि दिसेनासा झाला.

हे मागचा पडदा पाहत होते. "तुया फोटो चांगला आला," ते खाली बघून म्हणाले.

"तुमचे दाखवा."

त्यांनी कॅमेरा बंद करून पिशवीत टाकला.

आता घरात पेटी नाही. मलाही ह्यांनी एक जुना कॅमेरा आणून दिला आहे आणि रविवारी सकाळी आम्ही कुरखेड्याच्या बाजूच्या रस्त्यानं एका नाल्यापाशी जाऊन थांबतो. काही धरायचं नाही, नुसतं पाहायचं. हे एका अंगाला जातात, मी दुसऱ्या. गेल्या रविवारी एका सुकलेल्या येनाच्या झाडाच्या ढोलीत मला एक दिसली. मोठी, जाड पायांची, निखालस मादी, पोटाखाली अंड्यांची पांढरी पिशवी धरून बसलेली. लांबून ह्यांनी हाक मारली, "काई भेटलं का वो?"

"नाई," मी म्हणाले आणि फोटो घेत राहिले.

घरी आल्यावर सांगणार होते. पण हे जेवण झाल्यावर आपला कॅमेरा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि पडद्यावर तळहात आडवा धरून हळूच हसत होते.

"तुमाले काय भेटलं?" मी विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले.

मी दारात जाऊन त्यांचे बूट पाहिले. तळाला लाल ओला चिखल होता. मी गेले होते त्या बाजूला कुठेच लाल माती नाही. ती फक्त नाल्याच्या पलीकडच्या चढावर आहे. मी परत येऊन भांडी घासायला बसले, पण माझं लक्ष लागेना. पलीकडे त्यांनी काय पाहिलं असेल, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.